आठ की नऊ?

गडचिरोली जिल्ह्यातील काही शिक्षकांबरोबर आम्ही एक छोटा उपक्रम चालवत होतो. शाळेजवळचे मोहाचे एक झाड मुलांनी निवडायचे, फेब्रुवारीपासून रोज सकाळी त्याच्याखाली जाऊन यायचे आणि पहिले फूल जमिनीवर पडलेले दिसले की तारीख टिपायची. मोहाची फुले रात्रीतून फुलून पहाटे गळतात, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याला या उपक्रमात भाग घेता येत नाही. तारखा इंटरनेटवरच्या एका साध्या नोंदवहीत भरल्या जात आणि तिच्यातून जिल्ह्याचा नकाशा तयार होई. वेब ॲप्लिकेशन हे त्या नोंदवहीचे रूढ नाव.

एका वर्षी नकाशा अर्धा कोराच आला. सहा तालुक्यांत नोंदी व्यवस्थित दिसत होत्या आणि उरलेल्या सहांत एकही नव्हती. वर्षाचा अहवाल छापायला जायचा होता. त्यात ‘सहा तालुक्यांतील शिक्षकांनी नोंदी पाठवल्या नाहीत’ असे वाक्य आम्ही लिहूनही टाकले होते. ते पाठवण्याआधी, केवळ शिष्टाचार म्हणून, सिरोंचा तालुक्यातल्या एका गुरुजींना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, पोरं पहाटे पाचला उठून गेली जी. फॉर्म मी स्वतः नेऊन दिला.’’

आमच्यापैकी कोणाला त्यावर काही बोलता आले नाही.

पहिला संशय अर्थातच नेटवर्कवर गेला. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे, आणि दक्षिणेकडे जावे तसा दूरध्वनीचा भरवसा कमी होतो. पण हा तर्क नकाशावर टिकत नव्हता. कोरे राहिलेले तालुके होते गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, सिरोंचा, आरमोरी आणि कोरची. नोंदी नीट आलेले तालुके होते मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड, देसाईगंज आणि कुरखेडा. भामरागडची माहिती पोचते आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गडचिरोलीची पोचत नाही, हे नेटवर्कने कसे घडावे? वाचकांनी पुढे जाण्याआधी या दोन याद्यांकडे मिनिटभर पाहावे. उत्तर त्या नावांतच आहे. आम्हाला मात्र ते नुसते पाहून सापडले नाही. ते संगणकाला विचारावे लागले, आणि चालू संगणकाला असे विचारता येणे ही सोय कशी मिळाली याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

संगणकातल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या यंत्रात एक खराखुरा पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला आणि चालकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट बऱ्याच शिक्षकांना ठाऊक असेल. शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रांतल्या बारीक दोषांना हाच शब्द वापरला होता. पतंग चिमट्याने काढता येतो. आज्ञावलीतली चूक तशी निघत नाही. केंब्रिजला एडसॅक हा संगणक १९४९ साली चालू झाला. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवण लिहिली आहे की, यंत्राच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर त्यांना अचानक जाणवले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावलींतल्या चुका शोधण्यात जाणार आहे.

या चुका शोधायच्या कशा? आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला आणि देशभरातले संशोधक आपापली गणिते घेऊन तिथे येऊ लागले. तेव्हाची पद्धत अशी. आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायची. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा. आपला नंबर लागला की यंत्र गठ्ठा वाचते, काम करते आणि कागद छापते. एक स्वल्पविराम चुकला असला तरी ते कळायला काही तास, कधी एक दिवस जाई. फारच अडले तर यंत्राच्या स्मृतीतली सगळी कप्पेवार सामग्री आकड्यांच्या रूपात छापून मिळे. तो भेंडोळा पेन्सिल घेऊन वाचत बसायचा. चूक घडून गेलेली असे आणि हाती उरे तो पंचनामा.

यंत्र चालू असताना त्याच्याशी बोलावे ही कल्पना तेव्हा उधळपट्टीची वाटे, कारण यंत्राचा एकेक मिनिट माणसाच्या दिवसापेक्षा महाग होता. अपवाद घडला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. टीएक्स-० नावाचा एक संगणक १९५८ साली तिथे आला आणि विद्यार्थ्यांना त्याच्यासमोर एकेकटे बसायची मुभा मिळाली. जॅक डेनिस आणि टॉमस स्टॉकहॅम यांनी त्याच्यासाठी एक आज्ञावली लिहिली. टंकयंत्रावर स्मृतीतल्या कप्प्याचे नाव टंकले की यंत्र आतला आकडा लगेच टंकून दाखवी, आणि नवा आकडा टंकला तर कप्प्यातला आकडा बदलून टाकी. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘फ्लिट’. आमच्या आधीच्या पिढीला डास मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. नाव तिथूनच उचललेले. पुढे पीडीपी-१ या संगणकासाठी अशीच आज्ञावली झाली, तिचे नाव ‘डीडीटी’. हिवतापाच्या फवारणीचे पांढरे डाग घरांच्या भिंतींवर पाहत वाढलेल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकांना हा विनोद समजावून सांगायला नको.

नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याच संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याचे प्रात्यक्षिक केले. एकाला क्षणभर, मग दुसऱ्याला क्षणभर. माणूस विचार करत बसला तरी यंत्र रिकामे राहत नाही, त्यामुळे संवादाची उधळपट्टी परवडू लागली. या पद्धतीत माणसाने टंकलेली ओळ घेऊन ती यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोचवणारी एक स्वतंत्र आज्ञावली लागते. गाभ्याभोवतीचे कवच म्हणून लुई पुझँ या फ्रेंच अभियंत्याने १९६४-६५ च्या सुमारास तिला ‘शेल’ म्हटले. युनिक्स प्रणालीने ते नाव जगभर नेले. त्याच सुमारास लिस्प या भाषेत आणखी एक सवय रुजली होती. एक ओळ वाच, तिचा अर्थ लाव, उत्तर छाप, पुढच्या ओळीची वाट पाहा. वर्गात तोंडी गणिते घेतो त्यासारखेच हे आहे, फरक इतकाच की इथे उत्तर देणारा कधी कंटाळत नाही.

या सोयीची कसोटी लागली ती पृथ्वीवर नव्हे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्यावरचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा चालू होऊ लागला. कारण कळायला एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे आहे. मुख्याध्यापकांना ती हवी आहे. पण मधल्या एका शिक्षकांना किल्लीशी काही देणेघेणे नसताना त्यांनी शिपायाला आपल्या कामात गुंतवून ठेवले आहे. शिपाई मोकळा होत नाही, किल्ली सुटत नाही आणि सर्वांत वरचा माणूस सर्वांत शेवटी राहतो. यानात शिपायाच्या जागी हवामानाची माहिती गोळा करणारे काम होते आणि मुख्याध्यापकांच्या जागी यानातल्या माहितीची देवाणघेवाण सांभाळणारे काम. ते वेळेत झाले नाही असे दिसले की राखणदार आज्ञावली सगळा संगणकच नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर यंत्राच्या हालचालींची क्षणाक्षणाची नोंद चालू ठेवली आणि प्रयत्नांती तोच दोष पुन्हा घडवून आणला. उपाय एका ओळीचा होता: मुख्याध्यापक किल्लीसाठी थांबलेले असेतोवर शिपायाचे काम त्यांच्याच मानाचे समजावे. त्या मानाचा खटका प्रणालीत आधीपासून होता, तो फक्त बंद ठेवलेला होता.

अभियंत्यांनी पृथ्वीवरून मंगळावरच्या शेलमध्ये ओळ टंकून हा खटका दाबला, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. या कामाचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी स्वतः ते दुरुस्त केले आहे. यानात शेल होते, पण बदल त्यातून केला नाही. जुन्या आणि नव्या आज्ञावलीतला फरक रीतसर तपासून, ठरलेल्या मार्गाने पाठवला गेला. आम्हाला ही दुरुस्ती मूळ कथेपेक्षा मोलाची वाटते. शेलमधून विचारणे वेगळे आणि शेलमधून बदलणे वेगळे.

त्यानंतर दोनच वर्षांनी खऱ्या संभाषणाचे उदाहरण घडले. डीप स्पेस-१ या यानावर मे १९९९ मध्ये एक प्रयोग झाला, त्यात लिस्पमध्ये लिहिलेली आज्ञावली यान स्वतः चालवत होती. ती मधेच अडकली. आज्ञावलीचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत थांबले होते. यान सुमारे दहा कोटी किलोमीटर दूर होते, म्हणजे प्रश्न जायला साडेपाच मिनिटे आणि उत्तर यायला तेवढीच. पण लिस्पचे ‘वाच, अर्थ लाव, छाप’ हे चक्र यानावर चालू ठेवलेले होते, म्हणून अडकलेल्या आज्ञावलीला तिची अवस्था विचारता आली.

आता वेबकडे वळू. मंगळावरच्या आज्ञावलीपेक्षा वेब ॲप्लिकेशनची चूक शोधणे एका अर्थाने अवघड आहे. यानातली आज्ञावली सलग चालत असते. वेबवरची आज्ञावली तहसील कचेरीतल्या खिडकीसारखी. वाचकाने पान मागितले की कारकून उठतो, कपाटातून कागद काढतो, उत्तर देतो आणि विसरून जातो. ज्या क्षणी चूक झाली तो क्षण सेकंदाच्या अंशात संपलेला असतो. खिडकीतून जे दिसते ते फक्त उत्तर, तेही सजवलेले. म्हणून २००४ साली आलेल्या रेल्स आणि २००५ साली आलेल्या जँगो या वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या चौकटींत मागचे दार ठेवलेले आहे. त्या दाराने आत गेले की पडद्यावर रंग नाहीत, चित्रे नाहीत, नुसता एक लुकलुकणारा ठिपका. पण ॲप्लिकेशनचे कपाट, कारकून आणि नियम सगळे तेच, आणि एका वेळी एक प्रश्न विचारायला आपण मोकळे. फ्लिटची ही चौथी-पाचवी पिढी म्हणावी.

आमची नोंदवही पायथन भाषेत लिहिलेली होती. खिडकीकडून काहीच कळत नव्हते. प्रत्येक पानाच्या मागणीपुढे यंत्राने ‘ठीक’ अशीच नोंद केलेली होती. त्याच्या मते चूक झालेलीच नव्हती. विचारले ते शोधले, सापडले नाही, तसे सांगितले. आम्ही मागच्या दाराने गेलो.

पहिला प्रश्न: एकूण नोंदी किती? उत्तर नेहमीच्या वर्षाइतकेच आले. म्हणजे गुरुजींचा फॉर्म पोचला होता, सगळ्यांचेच पोचले होते. (ही ओळ वाचल्यावर आम्ही अहवालातले ते वाक्य आधी खोडले, मग पुढे गेलो.) दुसरा प्रश्न: तालुका ‘गडचिरोली’ असलेल्या नोंदी किती? शून्य. तिसरा: मग नोंदींत तालुक्यांची कोणती नावे आहेत? बारा नावांची यादी आली आणि तीत गडचिरोली ठळकपणे होते. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी असतील?

चौथा प्रश्न टंकताना थोडे वेड्यासारखे वाटले. आमच्या यादीतले ‘गडचिरोली’ आणि नोंदीतले ‘गडचिरोली’ सारखे आहे का? उत्तर: असत्य. पाचवा प्रश्न: या दोन शब्दांची लांबी किती? आठ. नऊ.

इथे थोडे थांबून आठ कसे ते पाहू. आपण बोलताना गडचिरोलीत पाच अक्षरे मोजतो. संगणक मात्र व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगळे मोजतो: ग, ड, च, वेलांटी, र, ओकाराचे चिन्ह, ल, वेलांटी. प्रत्येकाला एक क्रमांक आहे. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली आहे. या मांडणीत उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणून ‘चि’ची वेलांटी कागदावर च-च्या आधी दिसली तरी स्मृतीत नंतर बसते. आमच्या यादीतल्या शब्दाचे क्रमांक आले २३२७, २३३७, २३३०, २३६७, २३५२, २३७९, २३५४, २३६८. नोंदीतल्या शब्दाचे पहिले पाच आणि शेवटचे दोन तेच होते. फक्त २३७९ च्या जागी दोन आकडे होते, २३६६ आणि २३७५.

२३६६ म्हणजे काना. २३७५ म्हणजे मात्रा.

काना आणि मात्रा मिळून ओकार होतो हे पहिलीतले मूल सांगेल, आणि पडद्यानेही तेच मानले. कान्यावर मात्रा चढवून त्याने हुबेहूब ‘रो’ काढून दाखवला. संगणकाच्या लेखी मात्र ओकार हे स्वतंत्र चिन्ह आहे, काना-मात्रा ही भलतीच जोडी आहे आणि दोन्ही शब्द एकमेकांना अनोळखी आहेत. याद्यांचे कोडे इथे सुटते. कोऱ्या राहिलेल्या सहाही नावांत ओकार आहे: चिरो, नो, मो, रों, मो, को. उरलेल्या सहांत एकातही नाही.

ही जोडी आली कुठून? त्या वर्षी बऱ्याच शाळांत इंटरनेट नीट चालत नव्हते, म्हणून फॉर्म कागदावर गोळा केले आणि एका ठिकाणी टंकून घेतले. टंकणाऱ्याचा हात टंकलेखन यंत्रावर तयार झालेला होता. त्या यंत्रावर ओकाराची वेगळी कळ नसते. काना एका कळीवर, मात्रा दुसरीवर, दोन्ही उमटवले की ओ तयार. पुढे संगणकावर देवनागरीचे जे फॉन्ट आले त्यांतल्या अनेकांनी हीच रीत उचलली. कान्याचा तुकडा, मात्रेचा तुकडा, रफाराचा तुकडा, असे लिपीचे खिळे जुळवायचे. त्यांच्या दृष्टीने अक्षर हे चित्र होते. मजकूर युनिकोडमध्ये आणताना रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने तुकड्याला तुकडा दिला, पण काना-मात्रा एकत्र करायची पायरी गाळली. म्हणजे मुळात चूक कोणी केलीच नव्हती असेही म्हणता येईल. टंकलेखकाने बरोबर टंकले, पडद्याने बरोबर दाखवले, कारकुनाने बरोबर शोधले.

अशा जुळ्या रूपांवर युनिकोडने काही उपाय केलेला आहे. उदाहरणार्थ, ‘ऱ्या’तला ऱ हा एक क्रमांकाने किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी लिहिता येतो, आणि दोन्ही एकच मानावेत असा नियम आहे. बंगाली लिपीतला ओकारही असाच दोन भागांत चालतो, कारण तिथे चिन्हाचा एक भाग व्यंजनाच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे बसतो. देवनागरीच्या ओकाराला मात्र ही सवलत नाही. त्यामुळे तयार साधन वापरून आमचा प्रश्न सुटला नसता.

दुरुस्ती सोपी होती: काना-मात्रा एकापाठोपाठ दिसतील तिथे ओकार, काना आणि दोन मात्रा दिसतील तिथे औकार. शुद्ध मराठी मजकुरात एका व्यंजनावर काना आणि मात्रा अशी दोन सुटी चिन्हे येतच नाहीत, म्हणून भलतेच काही बदलण्याची भीती नव्हती. तरी शेलमध्ये एक ओळ टंकून सगळ्या नोंदी बदलण्याचा मोह आम्ही आवरला. नोंदवहीची प्रत काढली, बदल प्रतीवर केला, किती नोंदी बदलल्या ते मोजले, सहा तालुक्यांची बेरीज त्या संख्येशी जुळवली आणि मगच मूळ वहीला हात लावला. नकाशा भरला.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. फॉर्मवर झाडाचे नाव लिहायचे नसून त्यापुढचा अनुक्रमांक लिहायचा होता. नाव लिहायचे असते तर ‘मोह’ या शब्दातही ओकार आहे, आणि त्या वर्षी बाराही तालुक्यांतला मोह एकदमच नाहीसा झाला असता. तसे झाले असते तर कदाचित आम्हाला संशय लवकर आला असता. अर्धा नकाशा कोरा होता म्हणूनच तो पटण्याजोगा वाटला.

सिरोंच्याच्या गुरुजींना पुन्हा फोन केला, आधी क्षमा मागायला आणि मग काय झाले ते सांगायला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि शाळेतल्या संगणकावर हे मुलांना दाखवता येईल का, एवढेच विचारले. इंटरनेट लागत नाही, पायथन पुरे, असे आम्ही सांगितले. आठवड्याभराने त्यांच्या सातवीच्या वर्गाने केलेला तक्ता आला. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आपण मोजलेली अक्षरे, तिसऱ्यात संगणकाने मोजलेली चिन्हे. कोरची तीन आणि पाच, धानोरा तीन आणि सहा, सिरोंचा तीन आणि सात. खाली मुलांनी स्वतःची नावेही मोजली होती, आणि एका मुलीने पेन्सिलीने प्रश्न लिहिला होता: माझे नाव सर्वांत लांब आहे, पण ‘चामोर्शी’त रफार आहे तो कुठे मोजला?

तिच्यासाठी उत्तर असे. रफार वेगळा नाहीच. तो र आणि हलन्त अशा दोन चिन्हांनी श-च्या आधी बसलेला आहे. च, काना, म, ओकार, र, हलन्त, श, वेलांटी. आठ.